सरांच्या आवाजात

"तुझ्या त्या पत्रातलं एक वाक्य मी बदललं होतं, सांगायचं राहूनच गेलं बघ," सर म्हणाले आणि लिफ्टचं दार बंद झालं. मी बाहेर, सर आत. 'कुठलं?' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता, पण दारावरचा आकडा तीनवरून चारवर गेला आणि मी मेणाच्या ठोकळ्यांचा ट्रे हातात घेऊन त्या बंद दाराकडे बघत उभी राहिले. बावळटासारखी. सरांना काय, ते विभागप्रमुख, त्यांनी बोलता बोलता सांगून टाकलं, आता वर मीटिंगमध्ये बसून बिस्किटं खातील. इथे माझं काय? पत्र जाऊन तीन महिने झाले होते. मी पीएचडीसाठी चार विद्यापीठांत अर्ज केले होते आणि चारही ठिकाणी सरांचं हेच शिफारसपत्र गेलं होतं. तीन ठिकाणांहून नकार आले. उरलं एक, आणि त्यांनी कळवलं होतं की निर्णय पंधरा तारखेपर्यंत सांगू. आज चार तारीख. अकरा दिवस काढायचे होते, तेही नखं खात का होईना, मी काढले असते. पण आता त्या अकरा दिवसांत हे एक वाक्य येऊन बसलं. बरं, बदललं होतं तर तेव्हाच सांगायचं, नाहीतर जन्मात सांगायचं नाही. हे असं मध्येच कशाला सांगायचं? मी ट्रे छातीशी धरून विभागाच्या लांब व्हरांड्यातून चालत निघाले आणि चालता चालता सगळं पत्र मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणायला लागले. मला ते पाठ होतं. पाठ असणारच, मीच लिहिलं होतं.

आमच्याकडे शिफारसपत्र असंच होतं. मागायला गेलं की साहेब मान वर न करता म्हणतात, "तूच लिहून आण, मी वाचून सही करतो." सगळेच साहेब असं म्हणतात आणि सगळेच लिहून नेतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण स्वतःबद्दल 'ती' असं म्हणून लिहायला बसलं की कळतं काय प्रकार आहे तो. मागच्या वर्षी मी लिहिलं होतं, 'ती वेळेवर येते, मन लावून काम करते, सहकाऱ्यांशी मिळून मिसळून वागते.' सरांनी डोळे झाकून सही ठोकली आणि पाचच्या पाच ठिकाणांहून नकार आले. यायलाच हवे होते. असलं पत्र तर आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्यालाही देता येईल, आणि तो बिचारा माझ्यापेक्षा वेळेवर येतो. म्हणून या वर्षी मी ठरवलं की नीट सर व्हायचं. एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी पाठ ताठ करून बसले, चष्मा नाकावर खाली ओढला आणि सर वाक्याच्या आधी खाकरतात तशी खाकरले. "सर्दी झाली का गं?" आईनं आतून विचारलं. मी म्हटलं, "नाही, काम करतेय." मग मात्र लेखणी अशी सुटली की माझी मलाच भीती वाटावी. 'मी तिला सात वर्षं ओळखतो. माझ्या कारकिर्दीत असे हात मी फार थोडे पाहिले.' वा! सरांनी माझे हात कधी पाहिले असतील तर शपथ. पण सरांच्या आवाजात ते वाक्य इतकं खरं वाटत होतं की मला गहिवरून आलं. सात वर्षांत कुणी माझ्याबद्दल असं बोललं नव्हतं, आणि आता बोलत होतं तर मी त्याला का थांबवू?

त्या ओघातच ते वाक्य आलं. सरांनी कुठलं वाक्य बदललं ते मला माहीत नव्हतं, पण कुठलं बदललं असेल अशी मला धास्ती होती ते मला नीट माहीत होतं. आमचं काम सांगायला सोपं आहे. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून आमच्याकडे येतो, तो आम्ही यंत्राच्या पात्यावर कांद्याच्या सालीपेक्षाही पातळ कापायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचेवर उचलायचा. मग डॉक्टर ती काच सूक्ष्मदर्शकाखाली घालतात आणि रुग्णाचं काय ते ठरवतात. मऊ तुकडा कुणीही कापेल. हाड, नख, आतून चुना धरलेली गाठ, असलं काही आलं की पात्याखाली त्याचा भुगा होतो, आणि तुकडा तर तेवढाच असतो, परत मागता येत नाही. असे ठोकळे आमच्याकडे मुकाट्यानं एकाच टेबलावर सरकवले जातात. ते टेबल बाईंचं. बाई म्हणजे आमच्या विभागातल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ, एकतीस वर्षं त्याच खुर्चीत. त्या ठोकळ्याचं तोंड ओल्या कापसावर पालथं ठेवतात, कापसात एक-दोन थेंब ग्लिसरीन, मग थोडा वेळ बर्फावर, मग पात्याला कोपरा आधी लागेल असा तो तिरका बसवतात, आणि कापायच्या आधी त्यावर तोंडानं एक हलकी वाफ सोडतात. काप अखंड निघतो. कुठल्याही पुस्तकात हे असं, या क्रमानं, मला सापडलेलं नाही. त्यांनी ते चुका करत करत बसवलं आणि मी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मला हाताला धरून शिकवलं. मी काय केलं? मी वही घातली. कुठल्या तुकड्याला किती मिनिटं कापूस, किती मिनिटं बर्फ, दोन वर्षं टिपून काढलं. बाई मला तेव्हापासून 'वहीवाली' म्हणतात. आणि त्या रविवारी दुपारी मी सरांच्या आवाजात लिहिलं, 'ठिसूळ ऊती अखंड कापण्याची एक नवी पद्धत तिनं स्वतः विकसित केली आहे.'

स्वतः. मी हा शब्द दोनदा खोडला आणि तीनदा लिहिला. मी काही अगदीच निर्लज्ज नाही. बाईंचं नाव घालावं असं मनात आलं होतं, खरंच आलं होतं. पण मी सर होऊन बसले होते ना! सर कधी बाईंच्या टेबलाकडे गेलेच नाहीत. सरांच्या जागी बसून मी आमच्या खोलीकडे पाहिलं तेव्हा तिथे यंत्रं दिसली, खिडकी दिसली, अहवाल घेऊन वर येणारी मी दिसले, आणि बाई दिसल्याच नाहीत. हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं आणि अजूनही सांगते, आणि प्रत्येक वेळी मला स्वतःचा राग येतो, कारण त्या जेवणाच्या टेबलाशी पाठ ताठ करून बसलेली मीच होते, सर नव्हे.

"काय गं, भूत बघितल्यासारखा चेहरा?" मी ट्रे ठेवला तेव्हा बाईंनी विचारलं. "नकार आला का?" मी म्हटलं, "नाही हो, अजून काहीच नाही." "मग चेहरा जरा बरा कर. नकाराआधीच सुतक कशाला?" असं म्हणून त्या हसल्या आणि माझ्या ट्रेमधले दोन ठोकळे, जे कठीण होते ते, न विचारता उचलून आपल्याकडे घेतले. हे त्या रोज करत. माझ्या अर्जांचं माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. तिसरा नकार आला त्या दिवशी त्यांनी त्या विद्यापीठाला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. "आंधळे आहेत मेले," म्हणाल्या. आणि मी तेव्हा स्लाइडवर नंबर घालत खाली मान घालून बसले होते. आता मला वेगळाच हिशेब सुचायला लागला, आणि तो काही केल्या सुटेना. सरांनी ते वाक्य बदललं असेल, तर त्यांना कळलं की मी दुसऱ्याचं आपल्या नावावर लावते, आणि ते गेले तीन महिने मला लिफ्टमध्ये भेटून, हसून, हवापाण्याच्या गप्पा मारतायत. आणि बदललं नसेल, तर ते वाक्य त्या चौथ्या विद्यापीठात कुणाच्या तरी टेबलावर तसंच पडलंय आणि कदाचित त्याच्याच जोरावर मला घेतील. दोन्हीकडून मेले. तरी गंमत बघा, माझ्या मनातून एकदाही 'मिळू नये' असं आलं नाही. मिळावं असंच येत होतं. मी चौतिशीला आले होते. या वर्षी नाही मिळालं तर पुढच्या वर्षी मी अर्ज करणार नव्हते, हे मी आईला सांगितलं नव्हतं पण माझं ठरलं होतं. मग ही खुर्ची, हे यंत्र, आणि बाई निवृत्त झाल्या की त्यांची खुर्ची, बाकी काही नाही.

ते दिवस कसे गेले सांगू? फोन मी खणात ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी खण उघडायचे. खणाचं चाक वाजायचं, आणि बाई मान न वळवता म्हणायच्या, "आलं?" मी म्हणायचे, "नाही." एकदा मी कापलेली पट्टी पाण्यावर सोडली आणि नंबर बघायलाच विसरले. ठोकळा कुणाचा, काच कुणाची, काही आठवेना. अंगाला दरदरून घाम फुटला. दोन्ही ठोकळे परत लावले, परत कापले, खातरी केली. खाली तळमजल्यावर माणसं बाकांवर बसलेली असतात, याच काचांची वाट बघत. त्यांचं काय ठरायचं असतं आणि माझं काय! मला लाज वाटली, पण अगदी थोडा वेळ. पाच मिनिटांनी मी पुन्हा खण उघडला. घरी आई काही विचारायची नाही. ती न विचारण्यात इतकी पटाईत आहे की त्यापेक्षा विचारलेलं परवडलं. ताट वाढताना माझ्याकडे बघायची, मग माझ्या फोनकडे, मग पुन्हा भाजीकडे. आठ तारखेला मी तिच्यावर खेकसले, "काय ते एकदा विचारून टाक ना!" ती म्हणाली, "मी कुठे काय म्हटलं?" आणि खरंच, तिनं काही म्हटलं नव्हतं. मी न जेवता उठले. आत जाऊन पलंगावर बसले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, सरांच्या आवाजात, खाकरण्यासकट.

नऊ तारखेला मला राहवेना. अहवालांची फाइल काखेत मारून मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर पेन्सिलीला टोक करत होते. मी म्हटलं, "सर, ते पत्र... तुम्ही एक वाक्य बदललं म्हणालात." "कुठलं पत्र?" सर म्हणाले. माझ्या जिवाचं पाणी पाणी होतंय आणि हे विचारतायत कुठलं पत्र! मग त्यांना आठवलं. "हां हां, ते. अगं, तू लिहिलं होतंस, 'ती शांत स्वभावाची आहे.' मी ते काढून 'ती चिवट आहे' असं घातलं. संशोधनात शांत स्वभाव घेऊन काय करायचंय? आणि तू कुठे शांत आहेस?" ते स्वतःच्याच विनोदावर हसले. मीही हसले. हसताना मला एवढं हलकं वाटलं की तिथल्या खुर्चीत बसावं आणि रडावं. नव्हतं ते वाक्य! पाच दिवस मी उगाच जीव खाल्ला. आणि तेवढ्यात सरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पहिल्यांदाच, सात वर्षांत पहिल्यांदाच, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "बाकी ती पद्धतीबद्दलची ओळ मात्र उत्तम. आपल्या विभागात असं काही चाललंय याची मला कल्पनाच नव्हती. तूच बसवलंस ना ते सगळं?" केबिनमध्ये पंखा फिरत होता. फाइलची कड माझ्या काखेत टोचत होती. बोलायला जागा होती, वेळ होता, समोर माणूस होता. 'बाईंची आहे सर, मी फक्त मिनिटं टिपली,' एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हणाले, "हो सर."

आता सरांच्या आवाजामागे लपायची सोय उरली नाही. तो 'हो' माझ्या स्वतःच्या आवाजात होता. मी खाली आले, हातमोजे चढवले आणि बाईंच्या शेजारी बसून सलग तेवीस ठोकळे कापले. बाई म्हणाल्या, "आज काय अंगात संचारलंय?" मी म्हटलं, "काही नाही." त्या दिवशी मी फोनचा खण एकदाही उघडला नाही. उत्तर येऊच नये, पंधरा तारीख उजाडूच नये, असं काहीतरी वाटत होतं. बाईंनीच दुपारी विचारलं, "आज बघितला नाहीस तो?" मी म्हटलं, "बघून काय होतंय?" त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. त्यांच्या ओल्या हातमोज्याचा ठसा माझ्या पांढऱ्या कोटावर उमटला, आणि तो वाळेपर्यंत मला पाठीला थंड लागत राहिला.

बारा तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला मेल आला. विषयात नुसतं 'आपल्या अर्जाबाबत' असं होतं. तिन्ही नकारांच्या विषयात हेच शब्द होते, तेव्हा मी मनातल्या मनात चौथा नकार वाचून मोकळी झाले, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं. "आलं?" बाईंनी विचारलं. त्या एका घोट्याच्या हाडाचा ठोकळा कापसावर पालथा दाबून धरून बसल्या होत्या. "आलं," मी म्हटलं. "मग उघड की! आणि मोठ्यानं वाच, माझे हात गुंतलेत." मी उघडला. पहिली ओळ वाचली, मग तीच पुन्हा मोठ्यानं वाचली, "आपली निवड झाल्याचं कळवताना आम्हाला अतिशय आनंद होत आहे." बाईंनी अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या खोलीतून कुणीतरी दारात डोकावून गेलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हात मोकळे नव्हते म्हणून त्यांनी ते खांद्याला पुसलं. "पुढे वाच, पुढे वाच," त्या म्हणाल्या. मी वाचत गेले. शिष्यवृत्तीचं वाचलं, वसतिगृहाचं वाचलं. डोळे जिभेच्या पुढे असतात. ते वाक्य मला दोन ओळी आधीच दिसलं. गाळता आलं असतं. बाईंना काय कळणार होतं? पण मला एकदा 'हो' म्हणून झालं होतं, आणि ते तीन दिवस अंगावर घेऊन मी फिरत होते. मी वाचलं. "ठिसूळ ऊती कापण्याची जी पद्धत आपण स्वतः विकसित केली आहे, तिनं निवड समिती विशेष प्रभावित झाली असून आपलं संशोधन तिच्याच आधारे पुढे न्यावं अशी आमची इच्छा आहे."

बाईंचा हात कापसावर तसाच होता. त्या ठोकळ्याकडे बघत होत्या, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पत्रात तसं गेलंय. सरांच्या." ते खोटंही नव्हतं, म्हणून तर ते इतक्या पटकन तोंडातून निघालं. बाईंचा चेहरा एकदम निवळला आणि लगेच लालही झाला. "सरांच्या! तरीच! त्यांना काय माहीत आहे इथलं? एकतीस वर्षांत कधी फिरकलेत का या टेबलाकडे? काहीतरी ऐकलं आणि दिलं ठोकून!" त्यांनी ठोकळा बाजूला ठेवला आणि हातमोजे काढायला लागल्या. मी विचारलं, "कुठे निघालात बाई?" "कुठे म्हणजे? त्यांच्याकडे. अगं, माझं काय जातंय, मला आता कुठे मिरवायचंय? पण तिकडे गेल्यावर उद्या कुणी तुला खोदून विचारलं, तर तोंडघशी कोण पडणार? सर पडणार आहेत का? तुला खोटारडी म्हणतील माझे आई. मी सांगते त्यांना, ताबडतोब दुरुस्त करून पाठवा म्हणून." हातमोजे टेबलावर पडले, त्या माझ्या खुर्चीमागून निघाल्याही. मी तिथे बसून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत होते. त्या सरांशी माझ्यासाठी भांडायला निघाल्या होत्या. सर म्हणणार होते, 'अहो, तिनंच तर सांगितलं मला.' म्हणजे बाईंना ते कळणार होतं सरांच्या तोंडून, त्या केबिनमध्ये, उभ्या उभ्या. तेवढं मला सहन होईना. त्यांनी दाराला हात लावला आणि मी ओरडलेच, "बाई! सरांनी नाही. मी लिहिलं."

त्या थांबल्या. वळल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे?" मी म्हटलं, "पत्र मीच लिहिलं होतं. सरांनी नुसती सही केली. ते वाक्य माझं आहे. सरांनी मला विचारलं तेव्हाही मी हो म्हटलं." बाई परत आल्या, माझ्याकडे न बघता आपल्या खुर्चीत बसल्या, आणि रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. त्यांनी शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होते. त्या विद्यापीठाला दिल्या होत्या तशा. "मग आता?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मला कळेना की त्या मला विचारतायत की स्वतःला. मी फोन उचलला. उत्तराची चौकट उघडली. जागा जाईल, शिष्यवृत्ती जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि मला ते सगळं अजूनही हवं होतं, अगदी हावऱ्यासारखं हवं होतं. मी लिहिलं, 'आपण उल्लेख केलेली पद्धत मी विकसित केलेली नाही. मी केवळ तिच्या वेळांच्या नोंदी ठेवल्या. ही पद्धत आमच्या विभागातील ज्येष्ठ तंत्रज्ञ श्रीमती' आणि तिथे माझं बोट थांबलं. सात वर्षं शेजारी बसले होते. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं मला माहीत होतं, चहात किती साखर ते माहीत होतं. "बाई," मी म्हटलं, "तुमचं पूर्ण नाव काय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पद्धत चोरल्याचं ऐकताना हललं नव्हतं ते त्यांच्या चेहऱ्यावर आता हललं. मग त्यांनी सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, खिडकीतल्या कारकुनाला सांगावं तसं, आणि मी बरोबर लिहितेय की नाही ते बघायला चष्मा लावून वाकल्या.